ओळख पटत नाही

९ जानेवारी १९७९, आसगाव

आज शाळेत रुजू झालो. तीन महिने बारा दिवसांनी. हेडमास्तरांनी हार घातला. ते हेडमास्तरच, हे खोकल्यावरून कळलं. खोकले नसते तर शिपाई समजून 'पाणी आण' म्हणालो असतो.

चौथीचा वर्ग, एकेचाळीस पोरं. एकही तोंड ओळखीचं नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, कुणाचा दात पडलाय तेही दिसतं, पण सगळं मिळून माणूस होत नाही. मेंदूज्वर अकरा दिवस बेशुद्ध ठेवून गेला तो जाताना हे घेऊन गेला.

हुकूम काढला: उद्यापासून हजेरीच्या नंबराप्रमाणे बसायचं, जागा बदलायची नाही. पोरांना वाटलं, गुरुजी आजारातून जास्तच कडक होऊन आले. वाटू दे.

पंचवीस वर्षं नोकरी. पंधरा वर्षांपूर्वीचा पोरगा पवनीच्या बाजारात भेटला तरी बापाच्या नावासकट ओळखायचो, कोणत्या खिडकीपाशी बसायचा तेही सांगायचो. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायचे. तोरा होताच मला. आता भोगा.

१२ जाने.

दाढी करताना आरशातल्या माणसाला ब्लेड लागलं, दुखलं मला. पाच मिनिटं त्याच्याकडे पाहत बसलो. पन्नाशीला आलेला, गाल बसलेले, चिडका दिसतो.

घरातली व्यवस्था: सु. (सुमन, आमची सौ.) रोज पोपटी पातळ नेसते. दोन आहेत, आलटून पालटून. कुंदाला काही सांगितलेलं नाही. एकुलती एक पोर, बावीस वर्षांची, दिवसभर बडबड चालू असते, त्यामुळे निभतं. बाहेर आवाज, चाल, सायकल, दुपट्टा यावर भागवतो.

सु. ची सक्त ताकीद. "कुनाले सांगू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीची सोयरीक होऊन जाऊ द्या." वरठीचं स्थळ आलं आहे. तिचा भाऊ लक्ष्मण मध्यस्थ. मुलाच्या आत्यानं त्याला आधीच विचारून घेतलं, "ताप डोक्यात तं नाही ना गेला? पोरीच्या बापाले वेड तं नाही?"

वेड नाही. पण मग काय आहे, हे त्या बाईला कसं सांगणार? मलाच धड सांगता येत नाही.

डाव्या हाताला अजून मुंग्या. दुपारी डोकं ठणकलं.

२१ जाने., रविवार

वरठीची मंडळी येऊन गेली. सात माणसं. लक्ष्मणकडून सु. नं आधीच माहिती काढून ठेवली होती: मुलाचे वडील श्यामरावजी, काळं जाकीट, जाड काड्यांचा चष्मा, तिथल्या कारखान्यात आहेत. मुलगा प्रकाश, पांढरा बुशशर्ट, तोही तिथेच. मी जाकिटावरची नजर हलू दिली नाही. जाकीट उठलं की मी उठलो, जाकीट हसलं की हसलो.

पण माणूस फार आवडला. आवाज भरदार, प्रत्येक वाक्याला "असं आहे बापा". तलावातल्या मासोळीवर अर्धा तास बोलले. मध्येच म्हणाले, "मी जास्त चौकशी नाही करत, मास्तरजी. मानसाचं तोंड पाह्यलं का मले समजते." मी चहाच्या बशीत पाहत राहिलो.

मुलगी पसंत. कुंदा आतल्या खोलीत हसत होती. तिचं ते खास हसणं, आधी नाकातून आणि मग मोठ्यानं.

५ फेब्रु.

नागपूरला डॉक्टरकडे. सु. सोबत. त्यांनी मासिकातली चित्रं दाखवली. म्हणालो, एक म्हातारा, एक हार घातलेला, एक बाई. मग एक फोटो पुढे केला. टोपीवाला पुरुष, खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर पोर. "हे कोण?" म्हणालो, कुणीतरी गरीब पण टापटीप कुटुंब दिसतं.

सु. रडायला लागली. भंडाऱ्याच्या स्टुडिओत काढलेला आमचाच फोटो. कुंदा वर्षाची असतानाचा. सु. तो गुपचूप पिशवीत घेऊन आली होती.

डॉक्टर म्हणाले, विषाणू कधीच गेला, पण ज्या जागी तो मुक्कामाला होता ती जागा खराब करून गेला. ओळख परत येईल की नाही, सांगता येत नाही. रोज थोडं लिहीत जा. आणि लोकांना सांगून टाका, निम्मा त्रास कमी होईल.

बसमध्ये सु. इतकंच बोलली, "त्या डॉक्टरले लग्नाची पोरगी आहे काय?"

११ फेब्रु., रविवार

भंडाऱ्याला गेलो. कुंदासाठी पाण्याचा पितळी गुंड आणि परात घेतली. गुंड चांगला जड आहे, ठोका स्वच्छ.

एस.टी. स्टँडवर ही गर्दी. गाडी सुटायच्या बेतात आणि एक इसम नेमका समोर. बोडका, खाकी कपडे, गाल पानानं फुगलेला. हात जोडून नुसता हसत उभा. "सरका हो जरा, गाडी चुकते," म्हणालो आणि कोपरानं बाजूला करून चढलो. हातात गुंड, काखेत परात, दुसरं करणार काय?

खिडकीतून पाहिलं तर तिथेच उभा. हात अजून जोडलेलेच, हसू तेवढं गेलेलं.

कोण असेल? एखाद्या जुन्या पोराचा बाप असावा. पवनी येईपर्यंत तो मनातून जाईना. सु. ला बोललो नाही.

१७ फेब्रु.

जे व्हायचं ते झालं. लक्ष्मण आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला.

"भाऊजी, श्यामरावजीले स्टँडवर कोपर मारून काहून गेले तुमी? मानूस हात जोडून उभा होता म्हने!"

जाकीट नाही, चष्मा नाही, तोंडात पान म्हणून आवाजही नाही. मी काय करणार होतो?

"त्यायचं म्हननं असं आहे," लक्ष्मण म्हणाला, "का गुरुजीले आमची खाकी दिसली, मानूस नाही दिसला."

खरं आहे. अगदी अक्षरशः खरं आहे. ओठावर आलं होतं, पण सु. चूल सोडून बाहेर आली आणि एका दमात म्हणाली, "यायच्या डोळ्यात औषध टाकलं होतं नागपूरच्या डॉक्टरनं. हप्ताभर काहीच दिसत नव्हतं. मीच म्हनत होती का एकटे जाऊ नका."

लक्ष्मणनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

खोटं बोलला म्हणून पंचवीस वर्षांत किती पोरांच्या हातावर छडी मारली असेल?

२५ फेब्रु., रविवार

वरठीला जाऊन माफी मागितली. डोळ्यांची गोष्ट सांगितली. श्यामरावजी एका क्षणात मोकळे. "अरे बापा! आन् मी इकडे काय काय मनात घेऊन बसलो!" गळ्यात पडले. दोनदा चहा, वर तळलेली मासोळी. आता नागपूरला डोळ्याचा चांगला डॉक्टर ते स्वतः शोधणार आहेत. "एकटं नाही जायचं, मी सोबत येतो. असं आहे बापा."

रागावले असते तर सोसलं असतं. 

साक्षगंध ११ मार्चला, लग्न मे महिन्यात. आमच्याकडे.

१० मार्च

दोरीवर पाच पातळं वाळत आहेत. पाचही पांढरी. सु. चं, कुंदाचं, तिच्या मामीचं, आणखी दोन. उद्या वंदना, त्रिसरण, पंचशील. आमच्यात अशा कार्याला सगळं पांढरंच. येतील त्याही बाया पांढऱ्यात. पुरुषांचे सदरेही पांढरे.

आंगण पांढऱ्यानं भरेल आणि त्यात मी.

हे आधी कसं सुचलं नाही? सु. म्हणते, "मी तुमच्या उजव्या हाताले उभी राहीन, हालनार नाही. तुमी फक्त मले विचारा." 

११ मार्च, रविवार

सु. ला पोह्यांसाठी आत बोलावलं. तेवढ्यातच झालं.

वंदना आटोपली. लक्ष्मण म्हणाला, "भाऊजी, पोरीले पेढा चारा." दोन मुली शेजारी शेजारी. दोघी पांढऱ्या पातळात, दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींच्या वेणीत मोगरा, दोघी खाली मान घालून गप्प. मी थांबलो. लक्ष्मणला वाटलं, बापाचं मन भरून आलं. भरून कसलं, घाम फुटला होता. डावीकडच्या मुलीला पेढा चारला आणि डोक्यावर हात ठेवला.

ती प्रकाशची बहीण.

 मग श्यामरावजींचा आवाज, "गुरुजीनं तं आमचीच पोरगी पसंत केली!" आंगण हसलं. कुणीतरी म्हणालं, डोळ्याचं अजून गेलं नाही वाटते. त्या आत्याबाई तेवढ्या हसल्या नसाव्यात, कारण लगेच विचारणा झाली, "पन गुंड विकत घेताना बरं दिसलं डोळ्यानं?"

आणखी एक हसणं त्यात नव्हतं. नाकातून सुरू होणारं.

१३ मार्च

दुपारी ओसरीत वह्या तपासत होतो. दारात एक बाई येऊन उभी. तपकिरी लुगडं, डोक्यावर पदर, शेजारच्या म्हातारीकडे असं लुगडं आहे. म्हणालो, "सुमन बोडीवर गेली आहे धुणं घेऊन. बसा." बसली नाही. बोललीही नाही. "काही निरोप आहे काय, बाई?" तरी नाही. मी वहीत मान घातली. बराच वेळ गेला. पुन्हा वर पाहिलं तर तशीच उभी. आता मला राग आला. आजारानंतर राग फार लवकर येतो. ओरडलो, "कोण पाहिजे तुम्हाला?"

ती उंबरठ्यावर मटकन बसली आणि रडू लागली. रडणं कुंदाचं होतं.

"कधीपासून, बाबा?"

"दवाखान्यापासून."

"आन् मी रोज तुमच्यासमोर बसून जेवून राहिली."

मी म्हणालो, तुझा आवाज मी हजारात ओळखतो. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "म्हंजे मी चूप बसली का मी नाहीच?"

  तिला जन्मल्यापासून पाहतो आहे आणि आज तिला 'बाई' म्हणालो. इतकं वाईट त्या अकरा दिवसांत मेलो असतो तरी वाटलं नसतं.

२० मार्च

कुंदानं दोन्ही हात भरून काचेच्या बांगड्या घातल्या आहेत. खोलीत यायच्या आधी दारात हात हलवते. छन छन. तेवढंच. त्यावर बोलत नाही.

मी म्हणालो, वरठीला जाऊन खरं सांगतो. दोघी एक झाल्या. सु. म्हणाली, खाजवून खरूज काढू नका. कुंदा म्हणाली, "बाबा, मले तो पोरगा आवडला. आत्याबाईले कारनच पाहिजे. लग्न झाल्यावर सांगू." लग्न झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणं, हे तिलाही कळतं, म्हणूनच मान खाली होती. पण पोरीनं आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

वरठीला गेलो नाही.

१४ एप्रिल

मिरवणूक. सारा गाव रस्त्यावर, निम्म्याहून अधिक पांढऱ्या कपड्यांत. आज एक युक्ती सापडली. चौकात आधीच हात जोडून उभा राहिलो. ओळखीचा येवो, परका येवो, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आजारानं गुरुजी नरम झाले."

तीन तास उभा होतो. खांदे भरून आले.

२८ एप्रिल

पत्रिका छापून आल्या. २० मे, रविवार. कागद गुळगुळीत, कुंदाचं नाव छान ठसलंय.

त्याच टपालात श्यामरावजींचं कार्ड. याआधी त्यांची दोन कार्डं आली आहेत, अक्षर पाहताच ओळखलं. अक्षरांची ओळख गेलेली नाही माझी. लिहितात, डोळ्याचा डॉक्टर सापडला, नंबर लावून ठेवला, त्यासाठी कारखान्यातून दोन दिवस रजा काढली आहे, लग्नाच्या आधीच जाऊन येऊ, म्हणजे मांडवात पोरीचं तोंड तुम्हाला डोळे भरून पाहता येईल.

कार्ड सु. ला वाचून दाखवत होतो. शेवटची ओळ वाचवेना. तिनं कार्ड घेऊन फडताळात ठेवून दिलं.

१० मे

घरी सांगितलं, भंडाऱ्याला पत्रिका द्यायला जातो. गेलो वरठीला.

त्यांच्या घरी जाता आलं असतं, पण तिथे आत्याबाई. म्हणून कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहिलो. भोंगा झाला आणि लोंढा सुटला. शेकडो माणसं, सगळी खाकीत, बहुतेक सायकलवर, काही फटफटीवर. यात एक माणूस शोधायचा आणि तोही मी!

हात जोडले. येईल त्याला जोडले. काहींनी उलट नमस्कार केला. एक म्हणाला, "चंदा मांग रहे क्या, चाचा?" एकानं "सरका हो, ड्यूटी करून आलो," म्हणत कोपर मारलं. बरोबरच आहे.

गर्दी विरळ झाली तेव्हा एक सायकल थांबली. बोडका माणूस, गाल फुगलेला. बोलेना. तो बोलायची वाट पाहिली असती तर माझाच धीर सुटला असता. म्हणालो, "तुम्ही श्यामरावजी असाल तर ऐका. नसाल तरी ऐका." आणि सगळं सांगितलं. मेंदूज्वर, आरसा, फोटो, गुंड, पेढा, पोरीला बाई म्हणालो ते. डोळ्यातलं औषध खोटं, हेही.

तो बाजूला जाऊन पान थुंकला. परत येऊन सायकलला धरून उभा राहिला.

"त्या दिवशीही तोंडात पान होतं, मास्तरजी. नाही तं बोललो असतो."

तेच होते. 

"डोळ्याचं खोटं होतं?"

"हो."

"मी रजा काढली."

"माहीत आहे."

बराच वेळ घंटीवरून अंगठा फिरवत राहिले, वाजवली नाही. "ताप कुनालेही येते. तेवढंच सांगितलं असतं तं..." वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "घरी बहीन आहे माही, बाया आहेत, प्रकाश आहे. एकट्याच्या हातचं नाही हे. आयतवारी सांगतो."

सायकल हातात धरून चालत गेले. बसले नाहीत. 'जयभीम' म्हणाले की नाही, लक्षात नाही. वाक्याला "असं आहे बापा" मात्र एकदाही नव्हतं.

११ मे

घरी सांगून टाकलं. सु. नं कपाळावर हात मारला. "पत्रिका वाटून झाल्या. आता काय तोंड घेऊन फिरायचं गावात?" मग एकदम चुलीकडे वळली. तिलाही समजलं असावं, तोंडाबद्दल कुणाशी बोलतेय.

 कुंदानं बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या आहेत.

१२ मे

घरात कुणी बोलत नाही. पोपटी पातळ तेवढं दिसतं. दुसरी कोणी सावली येते, ताट ठेवून जाते. कुंदा असेल, की सु. नं मदतीला बोलावलेली कोणी? विचारायची हिंमत नाही. 'कोण' असं विचारलं आणि ती कुंदा निघाली तर?

चुकलो का? श्यामरावजींना सांगून चुकलो असं वाटत नाही. पोरीला आधी विचारायला हवं होतं. तिचं लग्न आणि भार मी उतरवून आलो माझ्या डोक्यावरचा. चौथीतल्या पोरालाही हे समजलं असतं.

१३ मे, रविवार

सकाळपासून ओसरीत. वही मांडीवर. ऊन तापलंय, तलाव आटून मधोमध डबकं राहिलं आहे. सु. दोनदा येऊन रस्ता पाहून गेली, तिसऱ्यांदा शेजारी निघून गेली, म्हणाली बघवत नाही.

पवनीहून येणारी गाडी येऊन गेली. त्यातून कुणी उतरलं नाही. सायकलनं येणार असतील तर वरठी फार लांब. न येणंही एक उत्तर असतं.

आता तलावाच्या पाळीवरून कुणीतरी येऊन राहिलं आहे. पायी. पांढरे कपडे, हातात पिशवी. जाकीट नाही. चष्मा असला तरी इतक्या लांबून दिसायचा नाही. श्यामरावजी असतील. त्यांनी पाठवलेला माणूस असेल, पत्रिका परत घेऊन. किंवा कुणी आपल्याच कामाला निघालेला, समोरून निघून जाईल. कुंदाला हाक मारली तर ती पाहून सांगेल. तिचे डोळे चांगले आहेत.

मारत नाही हाक.

मागे दारात बांगड्या वाजल्या. दोन्ही हातांच्या. ती येऊन उभी आहे आणि तीही पाळीकडेच पाहत असणार. कोण आहे ते तिला दिसलंच असेल. नाव सांगत नाही. मीही विचारत नाही.

माणूस वळला. आमच्याकडेच येतोय. वही ठेवतो, हात मोकळे पाहिजेत.